टॅप आला की सोडायचं

टाकेताई आमच्या हॉलमध्ये पहिल्यांदा आल्या त्या सुई घेऊन. टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर आमचा जिउ जित्सूचा वर्ग भरतो. ठोसे नाहीत, लाथा नाहीत. जमिनीवर एकमेकांना धरायचं, दाबायचं, अडकवायचं आणि त्यातून सुटायचं, एवढाच खेळ. खाली अंथरलेल्या मॅटचं रेक्झिन दोन ठिकाणी फाटलं होतं आणि त्यात पायाची बोटं अडकत होती. सरांनी गाड्यांची सीटकव्हरं शिवणाऱ्या कारखान्यात निरोप धाडला. तिथून एक बुटक्या, रुंद खांद्यांच्या बाई आल्या. त्यांनी मेण लावलेला दोरा वाकड्या सुईत ओवला, मांडी ठोकली आणि आमच्याकडे ढुंकूनही न बघता काम सुरू केलं.

मी तेव्हा फ्रिजवाल्याच्या पाठीला चिकटले होते. फ्रिजवाला म्हणजे फ्रिज दुरुस्त करणारा आमच्या वर्गातला गडी, वजन पंचाण्णव किलो. मी बावन्न. तो उलटापालटा होत होता, मला घेऊन लोळत होता, पण सुटत नव्हता. दोन मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की सुई थांबलीय.

“त्याला लागत नाही?” बाईंनी विचारलं.

“नाही.”

“तुला?”

“नाही.”

“मग एवढा आडदांड माणूस सुटत का नाही?”

मी पंपांच्या कारखान्यात ड्रॉइंग काढते. कुणी ‘का’ विचारलं की मला राहवत नाही. मी धरल्या धरल्याच सांगितलं. माणसाची सगळी ताकद पुढच्या बाजूला असते, पाठीमागे त्याचा हात पोचत नाही. माझा एक हात त्याच्या खांद्यावरून, दुसरा काखेखालून, दोन्ही छातीवर एकमेकांत अडकवलेले. माझे पाय त्याच्या मांड्यांच्या आतून. तो वळला की मीही वळते. या पकडीला सीटबेल्टच म्हणतात.

“सीटबेल्ट,” त्या म्हणाल्या. तो शब्द त्यांच्या धंद्यातला होता. “किती वेळ धरू शकतेस?”

उत्तर फ्रिजवाल्याने दिलं. “जेवणाची सुट्टी होईस्तोवर, ताई. पोरगी नाही ही, गोचीड आहे.”

त्या हसल्या नाहीत. दोन्ही फाटलेल्या जागा शिवून झाल्या, दोरा दातांनी तोडला आणि सरळ सरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. “मला एवढं एकच शिकवाल का? बाकी काही नको.”

पुढच्या सोमवारी त्या आल्या, अंगात कुणाची तरी भलीमोठी ट्रॅकपँट स्वतःच्या मापाची करून घेतलेली. वय एक्केचाळीस. टोपणनावं ठेवण्यात आमचा हॉल पटाईत. मला सगळे मोजपट्टी म्हणतात. त्या पहिल्या आठवड्यातच टाकेताई झाल्या.

एकच गोष्ट शिकायची असली तरी पहिला धडा सगळ्यांना सारखाच असतो. टॅपचा. सांधा अडकला, श्वास कोंडला किंवा नुसतं नको झालं, की समोरच्याच्या अंगावर उघड्या तळव्याने दोन-तीनदा थोपटायचं. त्याक्षणी समोरच्याने सोडायचं. सर याबाबतीत कडक आहेत. “टॅप आला की सोडायचं. आधी हात उघडायचे, मग विचार करायचा. विचार करून सोडणारा माणूस मला हॉलमध्ये नको.”

“म्हणजे थाप मारली की सुटका?” टाकेताई म्हणाल्या. “आमच्या मालकाला सांगून बघते. आम्ही इतक्या थापा मारतो, तो काही सोडत नाही.”

अख्खा हॉल हसला. मग सरांनी त्यांना डोळे मिटायला लावून मला धरायला सांगितलं. मी टॅप केला की हात उघडायचे. शंभर वेळा. पहिल्या दहा वेळांतच सर वेळ मोजायचे थांबले. इतक्या चटकन सोडणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. माझा तळवा टेकतोय न टेकतोय तोवर हात उघडलेले.

“बावीस वर्षं मोटरच्या मशीनवर आहे,” त्यांनी डाव्या हाताची तर्जनी दाखवली. नखाच्या मधोमध एक पांढरा ठिपका होता. “पहिल्या वर्षी बोट सुईखाली गेलं आणि पॅडलवरचा पाय उशिरा उचलला. तेव्हापासून पाय आपला आपण उचलतो. डोक्याला नंतर कळतं.”

सर खूश झाले. मीही. या सवयीचं पुढे काय होणार आहे, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात जिन्यावर बूट घालताना त्यांनी सांगितलं. घरी त्या, त्यांची सत्तरीची आई आणि धाकटा भाऊ. पाच वर्षांचा असताना भावाच्या डोक्यात ताप गेला होता. आता तो एकोणतीस वर्षांचा आहे, एकशे चार किलोचा, आणि त्याच्याजवळ शब्द दहा-बारा. घरात त्याला ढग्या म्हणतात, कारण भरून आला की चेहरा आधी काळवंडतो. एकदा भरून आला की तो डोकं भिंतीवर आपटतो, स्वतःचा हात चावतो, जवळ जाईल त्याला ढकलतो. मारायचं म्हणून नाही. वाटेत येतं म्हणून. चार महिन्यांपूर्वी त्याने असंच आईला ढकललं, तिच्या कपाळाला सात टाके पडले.

“दादाने त्याच दिवशी सांगितलं. दादा म्हणजे थोरला, दुसऱ्या शहरात असतो. ढग्याचे सगळे कागद त्याच्या नावावर आहेत. म्हणाला, आईला पुन्हा एकदा लागलं तर मी सही करणार आणि याला अशा माणसांना सांभाळणाऱ्या केंद्रात ठेवणार. मग रडायचं नाही.”

“केंद्र वाईट आहे का?”

त्यांनी नाडी ओढून बांधली. “मी बघून आले. वाईट नाही. माणसं कमी आहेत, म्हणून पट्ट्यांनी बांधतात. मनगटाला, घोट्याला. आतून फोम, वरून रेक्झिन, डबल शिलाई, टोकाला तिरपा टाका.” त्यांनी वर पाहिलं. “तो तिरपा टाका माझा आहे. गेल्या वर्षी कारखान्यात चाळीस जोड्यांची ऑर्डर आली होती. दवाखान्याचा माल, एवढंच सांगितलेलं. मला वाटलं व्यायामाचं काहीतरी असेल. छान झालेत म्हणून मालकाने पाठ थोपटली होती.”

मी विचारलं, ढग्याची उंची किती. एवढंच मला विचारता आलं.

त्यानंतर त्या झपाटल्यासारख्या शिकल्या. कंबर सरकवत मॅटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायच्या. श्वास भात्यासारखा चालायचा, गुडघे सोलले जायचे आणि कारखान्यातून आठ तास बसून आलेली पाठ रोज संपावर जायची. पाठ पकडण्यापलीकडे सरांनी हळूहळू बाकीचंही शिकवायला घेतलं. एकच गोष्ट त्यांनी साफ नाकारली. “गळ्याचं काही नको, सर. त्याचा गळा माझ्या हातात आला आणि मी घाबरले, तर?” सरांनी मान हलवली. आम्ही पकड बदलली. वरचा हात गळ्याजवळ न आणता खाली, छातीच्या हाडावर. डोकं त्याच्या खांद्याला टेकवायचं, म्हणजे त्याचं डोकं मागे आपटलं तरी दात पडणार नाहीत. मी फ्रिजवाल्याला पोटाला वाळूची पिशवी बांधून एकशे चारचा केला. तो म्हणायचा, “घरी बायको वजन कमी कर म्हणते, इथे ही मोजपट्टी वाढवतेय.”

एका रविवारी मी वही घेऊन त्यांच्या घरी गेले. खोली बारा बाय दहा. लोखंडी कपाट कोपऱ्यातून बाहेर काढलं, कारण त्याची कड नेमकी कपाळाच्या उंचीला. हॉलमधल्या जुन्या मॅटचे तुकडे त्यांनी भिंतीला शिवल्यासारखे बसवले. खाटेच्या कडेला फोमचं अस्तर. ढग्या सबंध वेळ खाटेवर बसून होता. मोठा, गोरा, शांत. आणि थोपटत होता. मांडीला, उशीला, भिंतीला, माझ्या वहीला. त्याचा तळवा टम्म आणि मऊ होता.

“तासन्‌तास चालतं त्याचं,” त्यांची आई म्हणाली. आजी तोंडाने तिखट होत्या. “लहानपणी मी याला थोपटून निजवायचे. आता हा जगाला निजवतो. जग काही झोपत नाही. आणि ही माझी लेक, चाळिशीत कुस्ती शिकायला निघालीय! हिच्या वयात बायका गुडघ्याला तेल लावतात.”

मी हसले आणि भिंतीवरच्या मॅटची उंची लिहून घेतली. त्या दिवशीच्या पानावर सगळी मापं आहेत. खाट, दार, उंबरा, कपाट. आजींचं ते वाक्य मात्र नाही. मी एक तास त्या माणसाला थोपटताना पाहिलं, टॅपची शंभर-शंभर आवर्तनं करून घेणारी मी, आणि माझ्या डोक्यात काही वाजलं नाही.

दहा दिवसांनी टाकेताई हॉलमध्ये आल्या त्या पळतच. “अकरा मिनिटं! सर, अकरा मिनिटं धरला!” कुणाच्या तरी गाडीचा भोंगा अडकला होता, ढग्या उठला, भिंतीकडे निघाला, त्यांनी मागून धरला, दोघं खाली बसले. त्याने हिसके दिले, हात चावायला नेला, पण तो हात त्यांच्या काखेखाली अडकलेला. अकराव्या मिनिटाला तो सैल झाला आणि त्यांच्याच हातावर डोकं टेकून झोपला. कुणालाही ओरखडासुद्धा नाही. फ्रिजवाल्याने त्यांना उचलून गरकन फिरवलं. त्या दिवशी टाकेताई हसल्या. पुढचे दात जरा पुढे आहेत, हे मला तेव्हा कळलं.

मग तो गुरुवार आला. मला त्यांनी नंतर सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी खालच्या घरात भिंतीला भोकं पाडायचं काम सुरू झालं. ढग्याचा चेहरा काळवंडला. त्या तयारच होत्या. वेळेवर मागे गेल्या, सीटबेल्ट लावला, बसवला. मशीन थांबलं. तो धापा टाकत होता. आजी स्वयंपाकघरातून पाणी घेऊन निघाल्या, कारण नंतर त्याला पाणी लागतं. आणि ढग्याने आपल्या मोकळ्या हाताने त्यांच्या मनगटावर थोपटलं. दोनदा. मग तिसऱ्यांदा.

“माझे हात उघडले गं,” त्या म्हणाल्या. “मी नाही उघडले. ते उघडले.”

खालचं मशीन त्याच क्षणी पुन्हा सुरू झालं. ढग्या उठला आणि दाराकडे धावला. दारात आजी होत्या.

उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. हे सांगताना टाकेताई आपल्या तळव्यांकडे बघत होत्या, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत आणि चुकून त्यांच्याकडे राहिलेत.

दादा दुसऱ्या दिवशी आला. मीही गेले होते, फळं घेऊन, कारण रिकाम्या हाताने जायची लाज वाटली. उंच, थकलेला माणूस. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“तू म्हणालीस मी शिकतेय, मी गप्प बसलो,” तो बहिणीला म्हणाला. “आता काय? तिसऱ्या वेळेला आईचं काय मोडू द्यायचं?”

“चूक माझी आहे, त्याची नाही. मी सोडलं म्हणून—”

“तेच म्हणतोय मी. माणूस सोडतो. दमतो, चुकतो, सोडतो.”

“दादा, महिनाभर दे.”

“महिन्यात काय होणार?”

“दे ना रे.”

आजी खाटेवरून म्हणाल्या, “माझं प्लास्टर निघेपर्यंत थांब. माझा हात आहे, मी ठरवणार.” दादाने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले होते. सहा आठवड्यांनी तो गाडी घेऊन येणार होता. तोवर काही झालं नाही तर बोलू, म्हणाला. पण त्याने कागद आणलेच होते, प्लास्टिकच्या पिशवीत, आणि जाताना ते कपाटावर ठेवून गेला.

टाकेताई सरांकडे गेल्या. मी शेजारी उभी होते.

“सर, मला न सोडायला शिकवा.”

सरांना आधी कळलं नाही. कळल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. “ताई, या हॉलमध्ये रोज वीस माणसं एकमेकांच्या हातात आपले हातपाय देतात. कशाच्या भरवशावर? तुम्ही काय मागताय ते तुम्हाला कळतंय का?”

“तो हरलो म्हणून थोपटत नाही. त्याला सवय आहे. माझे हात ते ओळखत नाहीत.”

“मग दुसरी पकड शोधू. तुमचे हात त्याच्या हाताला लागणारच नाहीत अशी.”

शोधली. आठवडाभर शोधली. प्रत्येक पकडीत त्याचा एक तळवा कुठेतरी त्यांच्या अंगाला पोचतच होता. दोन्ही हात जखडायचे तर त्यांच्यापाशी चार हात हवे होते.

तेव्हा त्यांनी मला विचारलं. पहाटेचा वर्ग सुटला की हॉल तासभर रिकामा असतो, किल्ली माझ्याकडे. “तू टॅप कर. मी वीस आकडे मोजीन, मग सोडीन. नुसतं पाठीमागून धरलेलं, सांधा नाही, गळा नाही. तुला लागणार नाही.”

मी हो म्हटलं. तंत्राच्या दृष्टीने त्यात धोका काहीच नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं. सरांना सांगितलं नाही.

टॅप करूनही समोरचा सोडत नाही म्हणजे काय, ते मी शब्दांत नीट मांडू शकत नाही. मला लागत नव्हतं. श्वास चालू होता. तरी सातव्या-आठव्या आकड्याला मी खरीखुरी धडपडायला लागायचे. मागून त्यांचा आवाज यायचा, “अकरा... माफ कर गं... बारा... माफ कर...” पहिल्या दिवशी त्यांना तिसऱ्या आकड्यापुढे जाता आलं नाही, हात आपोआप उघडत. चौथ्या दिवशी दहापर्यंत. दुसऱ्या आठवड्यात वीस. तिसऱ्या आठवड्यात मी टॅप करत राहिले आणि त्यांच्या हातांत साधी थरथरसुद्धा उमटली नाही. सोडल्यावर आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता पाणी प्यायलो.

“झालं,” त्या म्हणाल्या. “गेलं एकदाचं.”

त्या संध्याकाळच्या वर्गात सरांनी हाताची सरळ कैची घेतली. समोरच्याचा हात दोन मांड्यांमध्ये धरून कोपर उलट दिशेला ताणायचं. टाकेताईंच्या जोडीला एक नवी मुलगी होती. बेकरीत कणीक मळायचं काम करते, जेमतेम महिना झालेला. तिने हात दिला, टाकेताईंनी सावकाश, अगदी नियमाने ताण दिला. तिने टॅप केला.

मी चार हातांच्या अंतरावर होते. मी पाहिलं. टॅप झाला आणि टाकेताईंच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्यांचे ओठ हलले. त्या मोजत होत्या.

मी ओरडले तोवर कापड फाटल्यासारखा आवाज आला होता.

मुलीला दवाखान्यात नेलं. कोपराचे बंध तुटलेले, दोन महिने हात गळ्यात. सरांनी वर्ग सोडून दिला. टाकेताई मॅटवर तशाच बसून होत्या. मी सरांना सगळं सांगितलं, पहाटेचा तास, वीस आकडे, किल्ली. सर माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले की त्यांनी एक कानाखाली वाजवली असती तर मी आभार मानले असते.

“किल्ली इथे ठेवून जा,” ते मला म्हणाले. मग टाकेताईंसमोर उकिडवे बसले. आवाज हळू होता. “ताई, तुमचं दुःख मला कळतं. पण आता तुम्ही इथे कुणाला धरू शकत नाही.”

“हो,” त्या म्हणाल्या. उठल्या. दाराजवळच्या मॅटचा एक टाका सुटला होता, तो त्यांनी अंगठ्याने आत दाबला आणि गेल्या.

बेकरीवालीच्या घरी त्या दर रविवारी जात राहिल्या. चार रविवार तिने दार उघडलं नाही. पाचव्या रविवारी तिच्या आईने उघडलं आणि म्हणाली, “बाई, आता येत जाऊ नका. तुम्ही आलात की ती रडते.” हे तिथेच थांबलं. त्याला पुढे काही नाही.

त्या रविवारांच्या मधेच, एका मंगळवारी आजींचं प्लास्टर निघालं. दादा बुधवारी सकाळी गाडी घेऊन आला. मी सुट्टी टाकून गेले, काही करता येण्यासारखं नव्हतं तरी. सहा आठवडे घरात काही घडलं नव्हतं. टाकेताई रात्री दाराला पाठ लावून झोपत. डोळे खोल गेले होते. कपाटावरून पिशवी खाली आली होती आणि टेबलावर चहाच्या कपांशेजारी पडली होती.

“काही झालं नाही,” टाकेताई म्हणाल्या. “सहा आठवडे.”

“काही झालं नाही म्हणजे नशीब चांगलं होतं,” दादा म्हणाला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कसलीतरी कर्कश सायरनसारखी रिंग. तो खिसे चाचपत राहिला आणि फोन वाजतच राहिला.

ढग्याचा चेहरा काळवंडला.

मी हॉलमध्ये तीन वर्षं आहे. त्या दिवशीइतकी स्वच्छ पकड मी पाहिलेली नाही. तो भिंतीकडे अर्धा वळला तोवर त्या मागे होत्या. दोघं खाली बसले, कूस वळली, त्याचा उजवा हात अडकला, त्याचं डोकं त्यांच्या खांद्याच्या खोबणीत. दादा भिंतीला चिकटून उभा होता. फोन बंद झाला होता. ढग्या गुरासारखा हंबरत होता. पाच मिनिटं. मग त्याने डावा हात वर आणला आणि बहिणीच्या दंडावर थोपटायला सुरुवात केली.

दोनदा. चारदा. दहादा. माझे स्वतःचे तळवे उघडले, मला थांबवता आले नाहीत. त्यांचे उघडले नाहीत.

आठ मिनिटं. तो शांत झाला. अंग सैल पडलं. आता तो फक्त हुंदके देत होता आणि थोपटत होता. टाकेताईंचे डोळे मिटलेले, हात छातीवर कुलूप लावल्यासारखे. नऊ मिनिटं. दहा.

“आता का धरलंय?” दादा म्हणाला. “शांत झालाय ना तो? मग?” आणि मग अगदी हळू, कुणाला लागू नये अशा आवाजात, “ताई, केंद्रातल्या पट्ट्यात आणि यात फरक काय उरला?”

टाकेताईंनी डोळे उघडले. थोरला भाऊ धाकट्या बहिणीला सहसा ताई म्हणत नाही. त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं, त्या सोडायचा प्रयत्न करत होत्या. हातांना सांगत होत्या. हात ऐकत नव्हते. तीन आठवडे मीच ते शिकवलं होतं.

आजी उठल्या. प्लास्टरमधून निघालेला हात पांढराफटक, काटकीसारखा. सावकाश खाली बसल्या, मुलाला हात लावला नाही. लेकीच्या खांद्यावर त्या दुखऱ्या हाताने थोपटलं, तान्ह्या मुलाला थोपटतात तसं. “सोड गं पोरी. झालं त्याचं. सोड आता.”

हात उघडले.

ढग्या खाटेवर चढला आणि उशीला थोपटू लागला. टाकेताई जमिनीवर आडव्या झाल्या, बोटं आखडून अर्धवट वळलेली. दादाने कप उचलला, थंड झालेला चहा एका घोटात प्यायला आणि पिशवी काखेत मारली.

“वर्षभर बघू,” तो म्हणाला. “पट्टा कुणी थोपटून सुटत नाही, हात सुटतो, एवढं कळलं मला. पण आईचं वय काय, माहीत आहे ना तुला?”

त्याने जाताना फोनची रिंग बदलून घेतली. माझ्याकडून. त्याला जमत नव्हतं.

आता मी रविवारी त्यांच्या घरी जाते. त्या मला मागून धरतात, मी कितीही टॅप केला तरी सोडत नाहीत. आजी बाजूला स्टुलावर बसतात. त्यांच्या मधल्या बोटात शिवताना घालायचं धातूचं टोपण असतं, त्यांच्या लेकीनेच घासून दिलेलं. त्या टोपणाने खांद्याच्या हाडावर टकटक केली की हात उघडायचे, बाकी कशानेही नाही. पहिल्या रविवारी चौदा आकडे लागले. परवा पाच लागले. आजी म्हणतात, “मी दार ठोठावल्यासारखी ठोठावते, आणि ही बया आतून ‘कोण आहे’ विचारत बसते.”

परवा निघताना टाकेताई जिन्यापर्यंत आल्या. माझी वही माझ्या हातात होती, त्यात त्या दिवसाचे आकडे.

“आईनंतर कोण ठोठावणार गं?” त्यांनी विचारलं.

मी खाली बघून बुटाची नाडी बांधली. सुटली नव्हती, तरी पुन्हा बांधली. आतल्या खोलीतून ढग्या भिंतीला थोपटत असल्याचा आवाज येत होता, आणि त्या उत्तरासाठी थांबल्या होत्या.